मदत हवी आहे: बाबांना बीसीजी थांबवून नॅनोबॉटची वाट पाहायची आहे, कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

माझे बाबा ६४ वर्षांचे. लघवीतून रक्त गेलं आणि मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली. दुर्बिणीने काढली. ती स्नायूपर्यंत पोचली नव्हती, म्हणून बीसीजीचे (क्षयाची लस, ती इथे मूत्राशयात औषध म्हणून सोडतात) आठवड्याला एक असे सहा डोस सांगितलेत. चार झाले. नळीने औषध आत सोडलं की दोन तास लघवी अडवायची, दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. आई घड्याळ घेऊन बसते. चौथ्या डोसनंतर इतकी जळजळ झाली की बाबा बाथरूमची कडी धरून उभे होते. मला बघवेना.

आता काकांनी बातमी पाठवली आहे, बार्सिलोनात लघवीवर चालणाऱ्या सूक्ष्म मोटारींनी, म्हणजे नॅनोबॉटनी, गाठ ९० टक्के आटली म्हणून. बाबांचं एकच चाललंय, "उरलेले दोन नकोत, ते औषध येऊ दे."

हे माणसांना देतात का? आणि ती मोटर गाठीपर्यंत जाते कशी? बाबा आयुष्यभर फिटर होते, यंत्र कळलं की त्यांना पटतं. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:

ताई, ते ९० टक्के उंदरांमधले आहेत, २०२४ च्या प्रयोगातले. सिलिकाच्या कणावर युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) बसवलेलं असतं. ते लघवीतला युरिया फोडतं आणि त्या रेट्याने कण पोहतो. बाबांना सांगा, याला टाकी नाही, गाडी पेट्रोलमध्येच पोहते आहे. गाठ मारतं ते कणावरचं किरणोत्सारी आयोडीन. पण याला स्टिअरिंग नाही. चुंबकाने वळवता येतात ते अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेचे, ३० मायक्रॉनचे (केसाहून बारीक) जेलचे गोळे. गोळ्याच्या पोटात हवेचा बुडबुडा, अल्ट्रासाऊंड दिला की धावतात. तेही उंदरांवरच. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीत (भारतीय विज्ञान संस्था) अंबरीश घोष यांचा गट स्क्रूसारखे फिरणारे चुंबकीय कण बनवतो, पण बाबांच्या आजारावर आज देता येईल असं यातलं काही नाही.

डोस मनाने सोडू देऊ नका. जळजळ किती दिवस राहिली, ताप किती चढला, हे लिहून पाचव्या डोसआधी डॉक्टरांना दाखवा. गरज पडली तर ते डोस आठवडाभर पुढे ढकलतात, जळजळीवर गोळ्याही देतात. ताप जास्त चढला किंवा उतरेचना, तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.