गणपतीला गावी जातोय: मेन स्विच बंद करायचा की फ्रिजसाठी चालू ठेवायचा?

सूनबाई_डोंबिवली
परवा रात्रीची गाडी आहे, म्हणून थोडक्यात विचारते. घर बंद करून जाताना मेन स्विच बंद करायचा की फ्रिजसाठी चालू ठेवायचा? नवरा म्हणतो बंदच. सासूबाई म्हणतात फ्रिज चालू हवा. दोन दिवस घरात हाच वाद चाललाय. कृपया हो की नाही एवढंच सांगा, बॅगा अजून भरायच्यात.

चौथा_मजला
किती दिवस जाताय? फ्रिजमध्ये काय आहे? हे कळल्याशिवाय हो किंवा नाही कसं सांगणार?

घाटमाथा
सरळ बंद करा. भाज्या वाटून टाका, फ्रीझरमधला बर्फ पूर्ण वितळू द्या, आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा आणि कोरडा करा. दार मात्र लावू नका, टॉवेलची घडी अडकवून उघडं ठेवा. आम्ही एकदा ओला फ्रिज तसाच बंद करून गेलो होतो. आल्यावर दाराच्या रबरात काळी बुरशी, आणि तो वास महिनाभर गेला नाही.

सूनबाई_डोंबिवली
१४ दिवस. आमचा अकरा दिवसांचा गणपती असतो, अनंत चतुर्दशी करूनच परतणार. फ्रिजमध्ये विशेष काही नाही, दूध-भाजी संपवतेय. सासूबाईंचं औषध आहे फक्त.

कुंडीतली_माती
कुंड्यांचं काय केलंत? पावसाळा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, छपराखालच्या कुंडीत पावसाचा थेंब येत नाही. पाण्याची बादली कुंडीपेक्षा उंचावर ठेवायची, सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत बोटभर खोल. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, कोरडी लावली तर पाणी चढत नाही. कुंडीवर नारळाच्या शेंड्या पसरा. माझा मोगरा याच्यावर तीन आठवडे तगला आहे.

चौथा_मजला
कुंड्या राहू द्या हो. ताई, औषध कोणतं? आणि सासूबाई गावी येत नाहीयेत का?

सूनबाई_डोंबिवली
झाडं नाहीत आमच्याकडे. एक तुळस आहे, ती शेजारच्या काकूंकडे दिली. औषध म्हणजे इन्सुलिन. सासूबाई अर्थातच येतायत, गौरी-गणपतीला त्या नाहीत असं कसं होईल?

लाल_माती
मग इन्सुलिन घरी कशाला ठेवताय? बरोबर न्या. प्रश्नच मिटला.

सूनबाई_डोंबिवली
अहो, गावी वीज जाते ना! कुडाळच्या आत आहे आमचं घर. गेल्या वर्षी गणपतीतच सलग दोन दिवस वीज नव्हती. म्हणून १४ दिवसांचं आणि वर थोडं जास्तीचं बरोबर घेतोय, पुढच्या दोन महिन्यांच्या न उघडलेल्या कार्ट्रिज (पेनमध्ये घालायच्या इन्सुलिनच्या नळ्या) इथे ठेवतोय. सगळं एकाच ठिकाणी खराब झालं तर काय करायचं? स्वस्त नसतं ते.

लाल_माती
हे आधी लिहायचंत की. बरोबर नेताय त्याला माझा अनुभवाचा उपाय: छोटा माठ, त्यात वाटी, वाटीत औषध, माठाभोवती ओलं फडकं. माझी आई विदर्भात भर मे महिन्यात असंच ठेवायची.

औषधांची_पेटी
विदर्भाच्या मे महिन्यात ते चालतं, कारण हवा कोरडी असते आणि पाणी भराभर उडतं, म्हणून माठ गार होतो. भाद्रपदात कोकणात वाळत घातलेले कपडे दोन दिवस सुकत नाहीत, तिथे माठ कितीसा गार होणार? सिंधुदुर्गात हा उपाय सांगू नका.

लाल_माती
माठातलं पाणी पावसाळ्यातही नळाच्या पाण्यापेक्षा गारच लागतं की. अनुभव आहे म्हणून सांगतोय.

औषधांची_पेटी
पिण्याच्या पाण्यासाठी ठीक आहे हो. इथे औषध आहे. मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून नीट लिहिते. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंशांच्या आत फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण प्रत्येकाचं वेगळं असतं, खोक्यातली चिठ्ठी वाचा आणि डॉक्टरांना फोन करून विचारा. म्हणजे गावी वीज गेली तरी वापरातल्या पेनची एवढी धास्ती नको. उन्हात, बंद गाडीत मात्र ठेवू नका. प्रवासात बर्फाला थेट चिकटवू नका. इन्सुलिन एकदा गोठलं की नंतर वितळून दिसायला ठीक वाटलं तरी टाकूनच द्यायचं.

जुनी_वायर
बत्तीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. मला वेगळंच विचारायचंय. यजमान मेन बंद करायला का म्हणतायत? सवय म्हणून, की काही झालं होतं?

सूनबाई_डोंबिवली
झालं होतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही गावी असताना गॅलरीतल्या प्लगच्या बोर्डात पावसाचं पाणी उतरलं. आलो तर बोर्ड काळा पडलेला, भिंतीवर धुराचा पट्टा. पडदा तिथून वीतभर अंतरावर होता. तेव्हापासून हा मेन बंद केल्याशिवाय बाहेर पडत नाही, आणि मलाही भीती वाटतेच.

जुनी_वायर
भीती रास्त आहे. पण मेन हा एकच स्विच नाही. दाराजवळच्या डब्यात एमसीबीची, म्हणजे एकेका लाइनच्या वेगळ्या स्विचांची, रांग असेल. एकेक खाली करून फ्रिज कशावर आहे ते शोधा, तेवढा वर ठेवा, बाकी सगळे खाली. गॅलरीचा बोर्ड वेगळ्या एमसीबीवर असेल तर काम झालं. स्वयंपाकघर आणि गॅलरी एकाच लाइनवर असतील तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. आत्ताच बघून सांगा.
आणि घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडून भागत नाही. त्याला वाटतं वीज गेली, तो बॅटरीवरून घर चालू ठेवतो. तुम्ही समजता सगळं बंद आहे, आणि बोर्डात करंट असतो. वर बॅटरीही पार उतरते.

घाटमाथा
माझं मत तेच. १४ दिवस बंद घरात एकही लाइन चालू नको.

जुनी_वायर
फ्रिज वर्षभर चालूच असतो, रात्री तुम्ही झोपलेले असतानाही. वायरिंग चांगलं असेल तर घाबरायचं कारण नाही.

घाटमाथा
रात्री जळका वास आला तर जाग येते, दादा. बंद घरात कोण उठणार?

चाळीतली_मुलगी
फ्रिज चालू ठेवणार असाल तर वाटीत पाणी गोठवून वर नाणं ठेवा. आल्यावर नाणं बर्फाच्या तळाशी दिसलं तर समजायचं की मधे वीज बराच वेळ गेली होती.

औषधांची_पेटी
युक्ती चांगली आहे, पण ती फ्रीझरचं सांगते. खालचा कप्पा त्याच्या कितीतरी आधी गरम होतो. नाणं वर दिसलं म्हणून औषध ठीक, असं समजू नका.

रेल्वेप्रेमी
आरक्षण मिळालं का पण? नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, आमच्याकडे अजून गोंधळ होतो. यंदा गौरींच्या दिवसाची तिकिटं मिळालीच नाहीत.

सूनबाई_डोंबिवली
तिकिटं आहेत. जुनी_वायर दादा, आत्ता बघितलं. फ्रिज आणि गॅलरी एकाच एमसीबीवर आहेत. इन्व्हर्टरपण आहे, आणि मेन बंद केला तेव्हा दर वेळी तो चालूच राहायचा. हे आम्हाला माहीतच नव्हतं. आता हातपाय गळाल्यासारखं झालंय. उद्या सुट्टीच्या तोंडावर वायरमन कुठून आणू?

पायरीवरची
ताई, तुळस ज्या काकूंकडे दिलीत त्यांच्याकडे फ्रिज आहे ना?

सूनबाई_डोंबिवली
आहे. पण किल्ली त्यांच्याकडे, तुळस त्यांच्याकडे, आता औषधही? त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, फ्रिज आधीच भरलेला असेल. संकोच वाटतो.

पायरीवरची
मी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं इन्सुलिन एकदा महिनाभर सांभाळलं. मुठीएवढं खोकं असतं. मला आनंदच झाला होता की त्यांनी मला विचारलं. विचारून बघा.

औषधांची_पेटी
+१. झाकणाच्या डब्यात ठेवा, वर नाव लिहा. मधल्या कप्प्यात ठेवायला सांगा, मागच्या भिंतीला किंवा फ्रीझरला चिकटून नको. दारातही नको, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. आणि काकूंना हेही सांगा की त्यांची वीज बराच वेळ गेली तर तुम्हाला फोन करायचा.

घाटमाथा
सिलेंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावायला विसरू नका. गॅसगळतीचा क्रमांक १९०६ आहे, तोही काकूंना देऊन ठेवा. आणि नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर ताटली झाका, नाहीतर ट्रॅप आटतो आणि झुरळं थेट घरात.

सूनबाई_डोंबिवली
आत्ता काकूंकडे जाऊन आले. मी वाक्य पूर्ण करायच्या आत त्यांनी फ्रिज उघडून जागा करून दाखवली. सासूबाईंनी स्वतः डबा नेऊन ठेवला, नाव लिहून. आमचा फ्रिज रिकामा केलाय, बर्फ वितळतोय. निघताना मेन बंद आणि इन्व्हर्टरही बंद.

जुनी_वायर
इन्व्हर्टर पुढच्या बटणावरून बंद करा, नुसता प्लग काढू नका. मग एकदा दिवा लावून बघा, लागत नाही ना याची खात्री करूनच कुलूप घाला. आणि परत आलात की गॅलरीची लाइन आधी वेगळी करून घ्या, दिवाळीची वाट बघू नका.