रामटेकच्या खिंडसी तलावावर शेजारच्याला रोहू लागतो, मला नाही. नेमकं काय कमी पडतंय?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. गेल्या हिवाळ्यापासून रोहू-कटल्याचा नाद लागलाय. रीतसर परवानगी काढून, पैसे भरून बसतो. १२ फुटी कार्बन रॉड, बऱ्यापैकी रीळ, आमिषात घालायला ऑनलाइन मागवलेला स्ट्रॉबेरी एसेन्स, सगळं घेऊन झालं. तरी शेजारी बांबूची काठी टाकून बसलेला माणूस दोन रोहू पिशवीत घालून जातो आणि मी रिकाम्या हाताने रामटेकहून परत. व्हिडिओत सगळे सांगतात, दुसऱ्यांपेक्षा एक पाऊल पुढे राहा. म्हणजे करायचं काय? ब्रेडेड (विणलेल्या धाग्याची) लाइन घेऊ का? बजेट ५ हजार आहे, घरी ३ सांगितलंय.

फीडरभाई
ब्रेडेड घेच. आणि स्ट्रॉबेरी जुनी झाली, आता सगळे पायनॅपलवर आहेत.

महालचे काका
“सगळे पायनॅपलवर आहेत” हे फीडरभाईंनीच लिहिलं ते बरं झालं. सगळे त्यावर असतील तर या पोराला त्यात जास्तीचं काय मिळणार?

बेटा, ५ हजार खिशातच राहू दे. दुकानात मिळणारी वस्तू महिन्याभरात काठावरच्या प्रत्येकाकडे असते. इंग्लंडात हेच झालं. १९८० च्या सुमारास लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघांनी हेअर रिग काढली. आमिषात गळ खुपसायचाच नाही. गळ उघडा, आणि आमिष त्याच्या वळणाखाली बारीक धाग्याला लोंबतं. कार्प जातीच्या माशाला (आपले रोहू-कटला त्यातलेच) जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. म्हणून तो खाणं आधी आत ओढतो, तोंडात चाचपतो आणि संशय आला की थुंकतो. थुंकताना उघडा गळ ओठात रुततो. ही गोष्ट चार जणांनाच ठाऊक होती तोवर त्यांची चांदी होती. मग ती छापून आली आणि आज कुणाच्याही पेटीत सापडते. आता ती नसेल तर तू मागे पडशील, असेल तर बाकीच्यांच्या बरोबरीला येशील, एवढंच.

त्याच देशात रेडमायर नावाचं एक लहानसं तळं आहे. रिचर्ड वॉकरने १९५२ साली तिथे ४४ पौंडांचा, म्हणजे २० किलोचा कार्प काढला, तोही पावाच्या आमिषावर. तो विक्रम १९८० मध्ये ख्रिस येट्सने त्याच तळ्यात मोडला, साडेएक्कावन्न पौंड. त्याचं आमिष काय, तर मक्याचे दाणे! आपल्या इतवारीत पोत्याने मिळतात. दोघांनी विकत काय घेतलं होतं ते सोड, त्या तळ्याकडे किती बघितलं होतं ते विचार.

आता खिंडसीचं बोलू. मे महिन्यात आपल्याकडे पश्चिमेचा गरम वारा सुटतो. लोक कुठे बसतात? बाभळीच्या सावलीला, वाऱ्याकडे पाठ करून. गाडी तिथवर जाते आणि फेक लांब पडते. पण वारा वरचं पाणी ढकलत समोरच्या काठाला नेतो. तिथे लाटा फुटतात, पाण्यात हवा मिसळते, तरंगतं खाणं गोळा होतं. मासा तिथे, आणि तुम्ही सगळे इथून १२ फुटी रॉडने ७० मीटर फेकता! पलीकडे जा, टोपी नाकापर्यंत ओढ आणि वारा तोंडावर घेऊन बस. १५ मीटर फेक पुरते. तुझ्या बांबूवाल्याचं गुपितही जवळची फेकच असणार असं माझं मत आहे, कारण त्याला लांब फेकताच येत नाही. हिवाळ्यात मात्र गार वाऱ्याच्या काठावर बसू नको, दुपारी उन्हाने तापलेलं उथळ पाणी बघ.

दुसरं, वेळ. मेमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंड मारताना दिसले की मंडळींना आनंद होतो. रात्रभर पाणवनस्पती प्राणवायू ओढून घेतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ते मासे भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. त्यांच्यापुढे काहीही नाचव, खाणार नाहीत. ऊन जरा वर येऊ दे.

तिसरं, थर. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यातलं बारीक खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाला. कणकेचा टणक गोळा तळाला टाकून कटल्याची वाट बघणारे मी रोज बघतो.

आणि गळ. नवाकोरा असला तरी त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर ठेव, अजिबात न दाबता सरकव. घसरलं तर बोथट, जागेवर अडकून बारीक ओरखडा उठला तर ठीक. तळातल्या दगडावरून एकदा ओढला गेला की परत बघायचं. या तपासणीला पैसा लागत नाही म्हणून कुणी करत नाही.

ढीवराचा_पोरगा
काका बरोबर सांगून राहिले. आमच्या बाबाले रॉडबिड काही येत नाही, जाळंवाले आहेत. पण गळ टाकायचा झाला तर ते आधी म्हशी कुठं उतरतात ते पाहतात. म्हशीनं गाळ ढवळला का मृगळ त्या गढूळात येतोच. म्हशी निघून गेल्या का अर्ध्या घंट्यानं तिथं टाका. आणि काठावर धपाधप चालू नका, या माशाच्या पोटातला हवेचा फुगा हाडांनी कानाले जोडला असते, तुमचा पाय वाजला का त्याले समजते. शहरातले लोक ब्लूटूथ लावून बसतात अन म्हणतात मासा नाही!

फीडरभाई
म्हशीमागे कोण बसणार भाऊ 😂 असो. पण एसेन्सने कटला येतो हे मी स्वतः बघितलंय.

महालचे काका
येतो ना. नाही कुठे म्हटलं? तुमच्या शेजाऱ्याकडेही तोच येतो.

वर्धारोडवाला
काका, रविवारी पलीकडच्या काठाला गेलो. कुणीच नव्हतं, उन्हाने भाजून निघालो. एक सायप्रिनस, दीड किलोच्या आसपास! पण वाऱ्याने लाइनला पोट सुटतं, फ्लोट वाहत जातो, मासा लागला तरी उशिरा कळतं. आणि हेअर रिगवर कणीक टिकत नाही.

महालचे काका
फ्लोट काढून टाक, तळाला शिसं लाव. फेकलं की रॉडचं टोक वीतभर पाण्यात बुडव आणि रीळ चार-सहा वेळा झरकन फिरव. लाइन पाण्याखाली गेली की वारा तिला धरत नाही. ब्रेडेड तरंगते, म्हणून इथे साधी नायलॉनच बरी.

हेअरला कणीक नकोच. काबुली चणा रात्रभर भिजव, सकाळी नखाने दबेल इतपत उकड, अगदी पिठूळ नको. कच्चा कोरडा टाकू नको, तो माशाच्या पोटात फुगतो. चणा आणि गळाचं वळण यात अर्धा सेंटिमीटर अंतर ठेव. मूठभर चणे आधी हाताने टाक आणि मग गप्प बस. रॉड सारखा उचलून बघायचा नाही.

ढीवराचा_पोरगा
अन भाऊ, मासे मिळाले म्हणून तोतलाडोहाकडं जाऊ नका. तो पेंच व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं मासेमारी बंद आहे. दुसऱ्या कोणत्याही तलावावर बसायच्या आधी ठेका कोणाचा ते विचारा.

वर्धारोडवाला
नाही नाही, खिंडसीच. चणे भिजत घातलेत. बायको विचारतेय, छोले कोणासाठी.