भाडं जाहिरातीत लिहायचं नसेल तर जाहिरात तरी कशाला देता?

शोधून_दमलेली
परवा इथे ‘मध्यस्थ’ यांनी घर भाड्याने देणाऱ्यांसाठी टिपा टाकल्या होत्या. सार असं: भाड्याचा आकडा टाकू नका, ‘प्रत्यक्ष भेटीत बोलू’ लिहा, उणीव आपण होऊन सांगू नका, ‘प्रशस्त, हवेशीर, मोक्याचं ठिकाण’ हे शब्द पेरा, फोटो सकाळच्या उजेडात काढा. फोटोची टीप सोडली तर बाकी वाचून डोकं फिरलं. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

सध्या पुण्यात टू बीएचके शोधतेय. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, पंचवीसच्या आत. जाहिरातीत ‘९५० स्क्वेअर फूट, प्रशस्त’. गेल्यावर कळतं, हा सुपर बिल्ट-अप, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) सव्वासहाशे. महारेरा (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) २०१७ साली आलं, नवा फ्लॅट विकताना बिल्डरला कार्पेट सांगावाच लागतो. भाड्याच्या जाहिरातीत मात्र अजून जिना, लॉबी सगळं धरून घर मोजायचं! वारज्यातल्या घराला ‘वनाज मेट्रोजवळ’ लिहिणाऱ्याने निदान रिक्षाचे पैसे द्यावेत. ‘सेमी-फर्निश्ड’ म्हणजे एकीकडे किचन ट्रॉली आणि कपाटं निघाली, दुसरीकडे दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा.

मला एवढंच वाचायचंय: भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स त्यात की वर. कितवा मजला, लिफ्टला बॅकअप आहे का. पाणी महापालिकेचं की टँकरचं. पार्किंग आहे की ‘होऊन जाईल’. घर रिकामं कधी होणार. आणि अटी असतील तर पहिल्या ओळीत, म्हणजे माझा शनिवार वाचेल. रुखवतासारखी जाहिरात मांडायची आणि खरं घर दारात गेल्यावर दाखवायचं, यात फायदा नक्की कोणाचा?

मध्यस्थ
टिपा माझ्याच, म्हणून उत्तर देतो. ताई, जाहिरातीने फक्त फोन आणायचा असतो. बाकी काम फोनवर आणि घरात होतं. तुम्ही म्हणता तसं सगळं लिहिलं तर माणूस घरी बसून दहा घरं नाकारतो, बघत एकही नाही. घर बघितल्यावर लोकांचं मन बदलतं, हे मी या धंद्यात रोज बघतो. बजेट पंचवीस म्हणणारे अठ्ठावीसचं घर आनंदाने घेतात. साइटवर आकडा टाकावाच लागतो, तिथे आम्ही थोडा कमी टाकतो, नाहीतर बावीसचा फिल्टर लावणाऱ्यांना घर दिसतच नाही.

शोधून_दमलेली
म्हणजे खोटा आकडा टाकता हे लेखी कबूल केलंत. आभारी आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

खडूस_मालक
मध्यस्थांची बाजू घ्यायची मला हौस नाही, त्यांना एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मोजताना हात थरथरतो. पण ताई, अनुभव वेगळा आहे. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाहिरातीत तसं सरळ लिहिलं तेव्हा फोन वाजला नाही. बायकोने ती ओळ काढून ‘स्वतंत्र टेरेस, हनुमान टेकडी दिसते’ असं लिहिलं, आणि त्याच आठवड्यात लोक यायला लागले. शेवटी एक जोडपं राहिलं ते टेरेसवर खुर्ची टाकून बसल्यावरच. लिफ्टची ओळ ठेवली असती तर ते आलेच नसते. तेव्हा प्रामाणिकपणाचे डोस जरा जपून.

शोधून_दमलेली
ते राहिले, छान. बाकीचे जे चार जिने चढून, घाम पुसून, ‘विचार करून कळवतो’ म्हणून गेले त्यांचं काय? त्यात कोणाची गुडघे दुखणारी आईही असेल. टेरेस लिहा ना, मोठ्या अक्षरात लिहा. शेजारी ‘लिफ्ट नाही’ हे दोन शब्द लिहायला जागा कमी पडते का?

टँकर_वाघोली
पाणी! पाणी! सगळे लिफ्टवर काय बोलताय? आमच्या सोसायटीच्या प्रत्येक जाहिरातीत ‘२४ तास पाणी’ असतं. असतंच, टँकर येतो तोवर. मे महिन्यात टँकरचा हिशेब वेगळा लावतात आणि तो भाडेकरूने भरायचा, हे करार झाल्यावर सांगतात. ‘मेंटेनन्ससह’ लिहिणाऱ्या मालकांनी टँकर त्यात धरलाय का तेवढं लिहावं. आणि भाडेकरू ठेवला की सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेते (सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतात) ते मालकाचे, भाडेकरूचे नाहीत. आमच्या मालकाने तेही ‘मेंटेनन्स’ म्हणून आमच्याच माथी मारले होते.

खोली_क्रमांक_तीन
‘फक्त कुटुंबासाठी’ वाल्यांचं काय? एकदा जाहिरातीत काही नाही, फोनवर काही नाही, दारात गेल्यावर काकू विचारतात, ‘लग्न झालंय का?’ नाही म्हटलं तर, ‘सोसायटीचा नियम आहे हो.’ आडनाव तर आधीच विचारून झालेलं, ‘खाता का?’ हेही. बरं, नियम दाखवा म्हटलं की दाखवत नाहीत.

नाना_कोथरूड
नियम नसतोच, दाखवणार काय. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या नियमावलीचा सरकारी नमुना) सभासदाला घर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे नेहमीच्या ११ महिन्यांच्या वगैरे भाडेकरारावर, द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आधी कळवायचं आणि नोंदणीकृत कराराची प्रत द्यायची. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती वेगळी.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर, वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. आणि नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी लोक ‘करार नंतर बघू’ म्हणतात! हिशेब सांगतो. भाडं २४ हजार, डिपॉझिट ६० हजार, ११ महिने. भाडे २,६४,०००, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचे ५,५००. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक म्हणजे ६७४ रुपये, शहरात नोंदणी फी १,०००. ‘नोंदणी खर्च निम्मा-निम्मा’ एवढं जाहिरातीत लिहिलं तरी समोरच्याला कळतं की मालक सरळ आहे.

खोली_क्रमांक_तीन
नाना, परवानगी लागत नाही हे आमच्या सेक्रेटरींना तुम्हीच येऊन सांगा. मी चहा पाजतो.

वेणूची_आई
नाना कायदा सांगतायत म्हणून विचारते. डिपॉझिटमधून ‘रंगाचे’ म्हणून एक महिन्याचं भाडं कापतात, ते कुठल्या कलमात बसतं? आमचे कापले. घर सोडल्यावर काही महिन्यांनी कळलं, तिथे राहायला आलेली मुलगी माझ्या बहिणीच्या ऑफिसातली. तिने फोटो पाठवला: बेडरूमच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या वेणूच्या उंचीच्या खुणा, तारखांसकट. म्हणजे रंग लावलाच नाही! आणि तिच्याही करारात रंगाचं कलम आहेच. एकाच भिंतीचे पैसे किती जणांकडून घेणार? ही गोष्ट कुठल्याही जाहिरातीत नसते, करारावर अंगठा देताना कळते.

खडूस_मालक
आता माझ्यासारख्यांनाच शिव्या बसणार, तेव्हा आधीच बोलतो. दोन वर्षांनी घर ताब्यात आलं की जाऊन बघा. देवघराची भिंत उदबत्तीने काळी, टीव्हीसाठी ड्रिल मारलेली आठ भोकं, ओट्यामागे तेल, आणि हो, मुलांची पेन्सिल. गेल्या खेपेला रंगाऱ्याने जे सांगितलं ते एका महिन्याच्या भाड्यात बसत नव्हतं, वरचे मी घातले. भाडेकरूंच्या गोष्टीत मालक नेहमी राक्षस का असतो?

वेणूची_आई
तुम्ही रंग लावलात ना? मग तुमच्याबद्दल बोलतच नाहीये. ज्याने लावला नाही त्याने पैसे घेऊ नयेत, एवढं सोपं आहे. आणि मुलांची पेन्सिल खोडरबराने जाते, सर.

मध्यस्थ
रंगाची प्रथा आहे, पुण्यात सगळीकडे चालते, त्यात एवढं काय.

टँकर_वाघोली
प्रथा आहे म्हणे! बेंगळुरूला दहा-दहा महिन्यांच्या डिपॉझिटची प्रथा होती, तीही आणा इकडे.

नाना_कोथरूड
वेणूची आई, केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात भिंतींची सफेदी आणि दारं-खिडक्यांचा रंग मालकाच्या यादीत आहे. राहत्या घराला डिपॉझिटही जास्तीत जास्त दोन महिन्यांचं.

खडूस_मालक
आणि तो आदर्श मसुदा आहे, राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय इथे कोणालाही बांधत नाही. अर्धंच सांगू नका, नाना. करारात सही करून लिहून दिलंय तर ते करारानेच चालणार.

नाना_कोथरूड
मान्य. पण करारात ‘रंगासाठी’ लिहिलंय तर रंगाचं बिल मागायचा हक्क भाडेकरूला असावा की नाही, याचं उत्तर द्या.

खडूस_मालक
बिल दाखवायला माझी ना नाही. मात्र ‘हक्क’ वगैरे शब्द वापरलेत की माझं डोकं सटकतं. घर माझं आहे, कर्जाचे हप्ते माझे आहेत.

शोधून_दमलेली
आणि हप्त्यातला बराच भाग आमच्या भाड्यातून जातो. असो. रंगावर वेगळा धागा काढा बाबांनो, मी घर शोधतेय.

परदेशस्थ_भाऊ
थोडं अवांतर. मालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरणं भाडेकरूच्या गळ्यात येतं, साधारण ३१.२ टक्के. माझ्या घरासाठी पुण्यातला भाऊ जाहिरात देतो, त्यात पहिल्याच ओळीत ‘मालक परदेशी’ लिहायला लावतो. फोन कमी येतात हे खरं. पण आधीच्या भाडेकरूला हे नंतर कळलं तेव्हा झालेली भांडणं अमेरिकेत बसून निस्तरणं त्याहून त्रासाचं होतं. मध्यस्थांच्या हिशेबात हा वेळ येत नाही, कारण दलाली घेऊन ते मोकळे झालेले असतात.

मध्यस्थ
म्हणजे सगळा दोष मध्यस्थाचा. ठीक. मग ताई, तुम्हीच लिहा ना एक नमुना, खडूस यांच्या घराचा. बघू किती फोन येतात.

शोधून_दमलेली
घ्या. आकडे अंदाजाने टाकलेत, खडूस दुरुस्त करतील:
‘टू बीएचके, कार्पेट ६२०. चौथा मजला, लिफ्ट नाही. स्वतंत्र टेरेस, टेकडी दिसते. भाडे २१,०००, मेंटेनन्स धरून. डिपॉझिट ६०,०००. महापालिकेचं पाणी सकाळी, वर टाकी. दुचाकी पार्किंग आहे, चारचाकीला नाही. गिझर, दोन पंखे, किचन ट्रॉली राहील. एकटे, कुटुंब, कोणीही चालेल. नोंदणी खर्च निम्मा. सोडताना रंगाचे कापल्यास बिल मिळेल. १ तारखेपासून रिकामं.’

खडूस_मालक
आकडे जवळपास बरोबर आहेत, भाडं बावीस. ‘लिफ्ट नाही’ टेरेसच्या नंतर घाला. आणि ‘कोणीही चालेल’ हे बायकोला विचारून सांगतो.

वेणूची_आई
बिलाची ओळ काढू नका म्हणजे झालं.

मध्यस्थ
चारचाकी नाही लिहिलंत म्हणजे निम्मे फोन गेले. बाकी ठीक आहे. ‘हवेशीर’ तरी घाला.

खोली_क्रमांक_तीन
खडूस साहेब, बायकोने हो म्हटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चार मजले चढायला मला काही प्रॉब्लेम नाही. टीव्ही नाही, उदबत्ती लावत नाही.