विषय: राइड हवी, मंगळ-गुरु संध्याकाळ, ओक ट्री रोडजवळून (न्यू जर्सी)

प्रेषक: माई
नमस्कार मंडळी. आमच्या घरातल्या एकांना (ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया गप्प बसावं) मंगळवार-गुरुवार साडेसातच्या एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायचंय. चर्चचं तळघर, घरापासून चार मैल. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंदी केली आहे आणि माझी तेव्हा ड्युटी असते. उबरने पाठवलं असतं, पण मागच्या मंगळवारी पाठवलं तर दारातून परत आले. आत नेऊन बसवणारं, जमलं तर शेजारी बसणारं कोणी हवंय.
मराठीत मीटिंग कुठे होते का? ऑफिसचं इंग्रजी फर्डं आहे, पण घरातलं बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

प्रेषक: बापू
माई, मंडळाच्या ईमेल लिस्टवर वैयक्तिक राइड मागायची नाही असं विमानतळाच्या भानगडीनंतर ठरलं होतं. माझ्याच कारकिर्दीत. असो. भारतातल्या मराठी मीटिंगा ऑनलाइन मिळतील. तिकडे रात्री आठ म्हणजे आपले सकाळचे साडेदहा. राइडचा प्रश्नच मिटला.

प्रेषक: नंदू
साडेदहा आत्ता. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेनऊ. पाडव्याच्या झूमला बापू असेच तासभर उशिरा उगवले होते.

प्रेषक: बापू
लिंक चुकीची होती. वेळ नव्हे. सचिवांना विचारा.

प्रेषक: डॉक्टरकाकू
पाडवा राहू द्या. गाडी का बंद झाली असेल ते ओळखलं, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दमात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो. पुढे भ्रम होतो, हात थरथरतात, ताप चढतो, त्यात जीवही जातो. 'निश्चय केलाय ना, मग कोंडा खोलीत' हा घरगुती उपाय करू नका. सोडवायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. मीटिंग ही सोडलेली टिकवायला. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारी हेल्पलाइन १-८००-६६२-४३५७, चोवीस तास, फुकट.

प्रेषक: सुहास
पण चर्चमध्येच का? एएच्या त्या बारा पायऱ्यांत, म्हणजे सोडायच्या टप्प्यांत, देव येतो म्हणतात. उद्या तिकडचेच होऊन बसायचे.

प्रेषक: नंदू
आपली कोजागिरीसुद्धा चर्चच्याच हॉलमध्ये होते रे. भाडं स्वस्त. कोण बाटलं आजवर?

प्रेषक: शैलाताई
पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी काढलं, पुलं-सुनीताबाईंची देणगी होती. माझा मामेभाऊ तिथे राहून आला. महिनाभर सुट्टी काढून यांना तिकडेच का नेत नाही? आपली माणसं, आपली भाषा.

प्रेषक: माई
शैलाताई, आमची नोकरी व्हिसावरची आहे. महिना कुठून आणू? मला मंगळवार-गुरुवारची राइड हवी आहे.

प्रेषक: अण्णा
माई, आधी एक विचारा, मंगळवारची मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड? ओपनला कोणीही बसू शकतं. क्लोज्डला ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच. शेजारी बसायला म्हणून कोणाला पाठवलंत तर त्याला बाहेर थांबावं लागेल.
दोन्ही वारी मी नेतो. मला क्लोज्डलाही बसता येतं. अकरा वर्षं झाली.
आता मराठीचं. मलाही सुरुवातीला तेच वाटायचं. पण विचार करा, इथे मराठी मीटिंग काढली तर येणारे कोण? ही लिस्टच. आपल्याकडे पहिला प्रश्न आडनाव, दुसरा गाव, तिसऱ्याला नातं निघतं. तिथे फक्त पहिलं नाव सांगायचं. परक्या भाषेत, परक्या माणसांत मला बोलता आलं, घरी आलं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसतं 'पास' म्हटलं तरी चालतं. टोपली फिरते, तीत डॉलर-दोन डॉलर टाकायचे, नव्याने नाही टाकले तरी कोणी बघत नाही. कॉफी भयंकर.
दारातून परत आले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी दोनदा पार्किंग लॉटमध्ये गाडीतच तासभर बसून घरी गेलो होतो. तिसऱ्यांदा एका म्हाताऱ्याने काचेवर टकटक केली आणि म्हणाला, कॉफी संपायच्या आत ये.
सुहास, देवाची अडचण असेल तर स्मार्ट रिकव्हरी म्हणून दुसरे गट आहेत, तिथे पायऱ्या नाहीत, देवही नाही. आणि माई, तुमच्यासाठी वेगळी अल-अनॉन असते, घरच्यांची. १९५१ पासून आहे. माझी बायको माझ्याआधी तिकडे जायला लागली होती, मला पत्ताच नव्हता.

प्रेषक: सुहास
अण्णा, म्हणजे दिवाळीला बारच्या टेबलावर दर वर्षी तुम्ही उभे राहायचात, ते?

प्रेषक: अण्णा
सोडा आणि लिंबू. टेबलापलीकडे उभं राहिलं की कोणी आग्रह करत नाही.

प्रेषक: बापू
राइडचं जमलेलं दिसतं. तरी पुढच्या वेळी आधी कमिटीला कळवावं. अण्णा, गुरुवारी हॉलची किल्ली तुमच्याकडे असते. ढोलवाल्यांना दार कोण उघडणार?

प्रेषक: माई
अण्णा, गुरुवारी सात वाजता. बेल वाजवू नका, मुलगी अभ्यासाला बसते. फोन करा, ते खाली येतील. नाही आले तर वर या, दार नुसतं लोटलेलं असेल.

प्रेषक: नंदू
किल्ली मी घेतो.