मदत हवी आहे : शिसे नसलेल्या झिलईवर लस्टरची झळाळी धरत नाही

नमस्कार.

बेळगाव–खानापूर रस्त्यालगतच्या एका गावात, घरामागच्या पडवीत, मी मातीकामाचा लहानसा स्टुडिओ चालवते. चाकावर वाडगे, सुरया आणि ताटल्या करते, आणि त्यांतील काही भांड्यांवर लस्टर, म्हणजे चांदी व तांब्याच्या क्षारांपासून येणारी धातूची झळाळी, चढवते. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांनी शहापूर–वडगावच्या मागावरचे धूपछाव लुगडे आठवावे. घडी हलली की त्याचा रंग जसा फिरतो, तसे हे भांडे हातात फिरवताना सोनेरीचे हिरवे आणि हिरव्याचे जांभळट होत जाते. चार वर्षे हे काम बऱ्यापैकी जमत होते. आता सलग तीन भट्ट्या वाया गेल्या आहेत आणि चूक कुठे होते आहे हे मला कळेनासे झाले आहे.

पद्धत जुनीच आहे. माती खानापूरची, कौलांची तांबडी, चाळून आणि मुरवून घेतलेली. पहिली भाजणी विजेच्या भट्टीत १००० अंश सेल्सिअसला होते. त्यावर कथिलाच्या ऑक्साइडने पांढरी केलेली झिलई देऊन दुसरी भाजणी १०५० अंशांना करते. कथिलामुळे खालचा तांबडा रंग पूर्ण झाकला जातो. मग काव सात भाग, तांब्याचे कार्बोनेट तीन भाग आणि चांदीचे कार्बोनेट अर्धा भाग, असे मिश्रण व्हिनेगर व डिंकाच्या पाण्यात खलून त्या लेपाने नक्षी काढते. तिसरी भाजणी मी स्वतः बांधलेल्या गॅसच्या भट्टीत ६५० अंशांच्या सुमारास असते. तेव्हा धुराड्याची झडप अर्धी लावून आणि बर्नरची हवा कमी करून आत प्राणवायूची टंचाई करते. भट्टी निवल्यावर भांड्यावर करपलेल्या पिठल्यासारखा काळा थर दिसतो, तो ओल्या फडक्याने आणि चिमूटभर बारीक मातीने चोळला की खालची झळाळी उघडी पडते.

पूर्वी मी शिशाची फ्रिट, म्हणजे झिलईसाठी आधीच वितळवून दळलेली काच, वापरत असे. भांडी केवळ शोभेची आहेत असे प्रत्येकाला सांगत असे आणि तळाशी लिहीतही असे. परंतु गेल्या चैत्रात वहिनींकडे जेवायला गेले असता माझाच एक वाडगा ताटांच्या मध्ये मांडलेला दिसला, आणि त्यात लिंबाचे लोणचे होते. “वन्सं, एवढं देखणं भांडं कपाटात ठेवून काय करायचं?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे तरी काय चुकले? आंबट पदार्थाने झिलईतले शिसे सुटून अन्नात उतरते, हे मला माहीत होते, त्यांना नव्हते. लोणचे त्याच दुपारी टाकून दिले, वाडगा परत आणला, आणि घरी उरलेली फ्रिट डब्यात बंद करून शिसे नसलेली, टाकणखाराच्या जातीची फ्रिट मागवली. नव्या झिलईची दुसरी भाजणी उत्तम होते. पांढरा रंग पूर्वीपेक्षा स्वच्छच येतो. घोडे अडते ते तिसऱ्या भाजणीत.

प्रत्येक भट्टीत बारा वाडगे होते. खालच्या फळीवरील वाडग्यांवरचा लेप पाण्यासरशी निघून गेला आणि खाली कोरी पांढरी झिलई राहिली, जणू त्यांवर कुंचला कधी टेकलाच नव्हता. वरच्या फळीवरील वाडग्यांवर लेप काही ठिकाणी खरखरीत होऊन चिकटला, आणि जिथे नक्षी नव्हती तिथेही राखट धुरकटपणा बसला, जो कशानेही निघत नाही. मधल्या फळीवरील एखाद-दुसऱ्या वाडग्यावर तळहाताएवढी झळाळी आली, तीही बर्नरच्या विरुद्ध बाजूला. छत्तीस वाडग्यांतून दाखवण्याजोगे पाच निघाले. टिळकवाडीतील एका घराने मुलीच्या लग्नासाठी अकरा वाडगे सांगितले आहेत आणि मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा आहे.

माझे प्रश्न असे. शिसे नसलेल्या झिलईवर ही झळाळी मुळात धरते का, आणि धरत असल्यास लेप बदलावा की तापमान? दुसरे, अमेरिकेतील मातीकाम करणाऱ्या बिअट्रिस वुड यांच्याप्रमाणे धातूचे क्षार थेट झिलईतच मिसळले तर हा सारा खटाटोप टळेल का?

पहिला प्रतिसाद

ताई, मी निपाणीचा. बरीच वर्षे हेच उद्योग करून हात पोळून घेतलेले आहेत.

झळाळी शिशावर अवलंबून नाही, ती झिलई किती मऊ झाली आहे यावर अवलंबून असते. लेपातले चांदी-तांब्याचे आयन झिलईतील सोडियम-पोटॅशियमच्या आयनांची जागा घेऊन आत शिरतात, आणि प्राणवायू कमी पडला की तिथेच त्यांचे धातूचे कण बनतात. हे कण काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटरचे, आणि त्यांचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. झिलई पुरेशी मऊ नसेल तर दार बंदच राहते आणि लेप धुऊन जातो. ही तुमची खालची फळी. झिलई फार मऊ झाली तर लेप तिच्यात रुततो आणि धुराचा कार्बनही अडकतो. ही तुमची वरची फळी. शिशाची झिलई या बाबतीत क्षमाशील असते, पंचवीस-तीस अंशांची चूक पोटात घालते. टाकणखाराची झिलई तसे करत नाही. म्हणून ६५० हा आकडा विसरून जा, तो तुमच्या जुन्या झिलईचा होता.

नव्या झिलईचा आकडा कड्यांवरून काढावा लागेल. त्याच मातीच्या अंगठीएवढ्या पंधरा-वीस कड्या करून त्यांना तीच झिलई आणि तोच लेप द्या, भट्टीच्या भोकासमोर रांगेत ठेवा आणि ६२० अंशांपासून दर पंधरा अंशांना एकेक कडी लोखंडी सळईने बाहेर ओढून पाण्यात टाकून चोळून पाहा. कोरी निघाली तर पुढे जा. फिकट पिवळा डाग दिसला, पण चमक नसली, तर चांदी आत शिरली आहे आणि धूर कमी पडला आहे, असे समजा. शिवाय धूर सलग कोंडू नका. पाच मिनिटे कोंडा, पाच मिनिटे मोकळा करा. तुम्ही किती वेळ कोंडता हे लिहिलेले नाही, पण वरच्या फळीवरून अंदाज येतो.

फ्रिट विकणाऱ्याकडून तिच्यातील सोडा-पोटॅशचे प्रमाण मागून घ्या. ते फार कमी असेल तर अदलाबदलीला आत कोणी गडीच नाही.

बिअट्रिस वुड यांचे काम वेगळ्या जातीचे आहे. त्यांची झळाळी झिलईच्या पोटातून येते, त्यामुळे सगळे भांडेच उजळते, कुंचल्याची नक्षी काढता येत नाही. ती बाई १८९३ ते १९९८ अशी शंभरीपार जगली, कॅलिफोर्नियात साडी नेसून चाकावर बसत असे आणि भट्टीने काय दिले याचे तिला शेवटपर्यंत कुतूहल होते. परंतु तुम्हाला नक्षी हवी असेल तर तो रस्ता तुमचा नव्हे. तुमचा रस्ता नवव्या शतकातील इराकपासून येतो. इराणातील काशानच्या कुंभार घराण्यातील अबुल कासिम यांनी १३०१ मध्ये लिहून ठेवले आहे की, अशी भांडी वेगळ्या भट्टीत मंद धुरावर बहात्तर तास ठेवत आणि निवल्यावर ओल्या मातीने चोळत. तुमचे ते चिमूटभर मातीचे चोळणे सातशे वर्षांपूर्वीचेच आहे. आणि पाच वाडग्यांचे वाईट वाटून घेऊ नका. सोळाव्या शतकातील इटलीचे पिकोलपास्सो तर शंभर भांड्यांत जेमतेम सहा चांगली निघतात, असे लिहून गेले आहेत. त्या हिशेबाने तुम्ही पुढे आहात.

एक विचारायचे राहिले. फ्रिटखेरीज आणखी काही बदलले आहे का?

दुसरा प्रतिसाद

मी खानापूरचा, घरचाच धंदा कुंभारकीचा. पुढे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या इथल्याच केंद्रात झिलईचे शिक्षणही घेतले. वरील प्रतिसादात फ्रिटवर भर आहे, तो योग्यच आहे, पण एकाच भट्टीत खाली कोरे आणि वर करपलेले निघते याचा अर्थ आच सारखी फिरत नाही. आमचे आजोबा आवा रचताना मधे हात जाईल एवढी वाट मोकळी ठेवत. तुमच्या खालच्या फळीखाली किमान चार बोटे जागा आहे का आणि धुराची वाट तळाशी आहे की माथ्याशी, हे पाहावे. वाट माथ्याशी असेल तर आच वरच्या वर पळते.

पावसात सिलिंडर गारठून त्याच्या अंगावर दव किंवा बर्फ धरत असेल तर दाब पडतो; दोन सिलिंडर जोडून घ्यावेत. आणि ताई, पडवीला पावसासाठी ताडपत्री लावत असाल तर धूर कोंडण्याच्या वेळी ती सोडून ठेवा. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. डोके जड झाले की उन्हाचे किंवा उपासाचे समजून माणूस तिथेच बसून राहतो.

तिसरा प्रतिसाद

मातीकामातले मला काही कळत नाही. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत काम करतो, तापमान मोजणे हे मात्र रोजचे आहे. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतले तापमान मोजणाऱ्या तारांची जोडी, वरच्या फळीजवळ लावलेला असेल तर तो तुम्हाला फक्त वरच्या फळीचे सांगतो. दुसरे असे की, त्याची वायर कोणी साध्या तांब्याच्या वायरने वाढवली आहे का, ते तपासा. तशी वाढवली असेल आणि तो जोड भट्टीजवळ तापत असेल, तर जोड जितका तापेल तितके मीटर कमी दाखवते, म्हणजे भट्टी प्रत्यक्षात अधिक तापलेली असते. त्याच जातीची भरपाई वायर मिळते, तीच वापरावी. तपासायला सोपा उपाय म्हणजे टोक उकळत्या पाण्यात बुडवणे. मात्र बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच असल्यामुळे इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते, १०० दिसले नाही म्हणून मीटरला दोष देऊ नये.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. “आणखी काय बदलले” हा प्रश्न वाचून मी प्रथम “काहीच नाही” असे लिहायला बसले होते. मग तिसरा प्रतिसाद वाचला आणि उठून मीटरकडे गेले. पावसाळ्याआधी छपराच्या गळतीमुळे मीटर पलीकडच्या भिंतीवर हलवले होते, आणि वायर कमी पडली म्हणून इलेक्ट्रिशियनने घरातल्या साध्या वायरचा हातभर तुकडा जोडला होता. जोड भट्टीच्या विटांपासून वीतभर अंतरावर, चिकटपट्टीत गुंडाळलेला. ती पट्टी वितळून तपकिरी झाली होती, आणि मी तीन महिने रोज तिच्यासमोरून जात होते. म्हणजे फ्रिट आणि मीटर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या आणि मी सगळा दोष फ्रिटला देत बसले.

वायर बदलून घेतली. खालची फळी चार बोटे उचलली आणि धुराची वाट तळाशी नेली. धूर मी पूर्वी सलग चाळीस मिनिटे कोंडत असे, तो आता पाच-पाच मिनिटांनी मोकळा केला. काल आधी सोळा कड्या आणि मग आठ वाडगे लावले. ६३५ पर्यंतच्या कड्या कोऱ्या निघाल्या, ६५० च्या कडीवर हळदीच्या पाण्यासारखा पिवळा डाग आला, आणि ६६५ ची कडी पाण्यात चोळताना प्रथम नुसती तपकिरी वाटली, पण दाराकडे वळून तिरकी धरली तेव्हा कडेने हिरवट सोने फिरले. ६९५ ची कडी पुन्हा राखट. म्हणून वाडग्यांची भट्टी ६६५ वरच धरली आणि आठांपैकी सहा वाडगे चांगले उतरले. उरलेले दोन खालच्या फळीचे आहेत, त्यांवर झळाळी आहे पण विरळ; थर्मोकपल आता तिथे हलवणार आहे.

लग्नाच्या वाडग्यांना लस्टर फक्त बाहेरून देणार आहे आणि आतून साधी पांढरी झिलई ठेवणार आहे, कारण शिसे नसले तरी लिंबू-कोकमाने चांदी-तांब्याचा तो पातळ थर खराब होईलच. सोबत मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये अशी चिठ्ठीही देईन, आणि या वेळी ती वहिनींनाही वाचायला देईन.

एक नवी अडचण मात्र उभी राहिली आहे. निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे फ्रिटचा तपशील मागवला, त्यात सोडा-पोटॅश खरोखरच कमी निघाले, म्हणून दोन वाडग्यांच्या झिलईत सोड्याची फ्रिट दहावा हिस्सा मिसळून पाहिली. त्या दोघांवर झळाळी सर्वांत गडद आली. परंतु रात्री जेवणे उरकल्यावर पडवीतून बारीक टिच्, टिच् असा आवाज येऊ लागला, आणि सकाळी काजळीचे बोट फिरवून पाहिले तर दोन्ही वाडग्यांवर केसतड्यांचे जाळे पडलेले होते. मातीत गारगोटीची पूड मिसळून हे थांबेल, की सोड्याचे प्रमाणच निम्म्यावर आणावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

आधी सोडा निम्मा करून पाहा, ताई, माती बदलली की पहिल्या भाजणीपासून सगळे नव्याने बसवावे लागते. विसावा हिस्सा घेऊनही तडे गेले तर मग गारगोटीकडे वळा, पण कपडछान पूड शेकडा पाचापासून सुरू करा आणि ती कोरडी हाताळताना तोंडाला मास्क बांधा. आणि या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला.