मदत हवी आहे: शेजारच्या हॉस्पिटलच्या सिस्टर महिनाभर घ्यायच्यात

निशाचर: डेंग्यूचे पेशंट वाढलेत, सिस्टर कमी पडतायत. शेजारचं हॉस्पिटल चार जणी द्यायला तयार आहे. पत्रात काय लिहायचं? सोमवारपासून हव्यात, लवकर सांगा.

ड्रिपस्टँड: वॉर्डला की आयसीयूला? पगार २१,००० च्या आत आहे का? त्यावर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) ठरेल.

निशाचर: आयसीयू. पगार विचारतो. मसुदा द्या ना कोणीतरी!

खातेवही: पगार, पीएफ, ईएसआय मूळ हॉस्पिटलच चालू ठेवेल, तुम्ही त्यांना बिलाने पैसे द्याल, असं लिहा. त्यांची जीएसटी नोंदणी असेल तर मनुष्यबळ पुरवठ्यावर १८ टक्के लागतील. उपचारसेवा करमुक्त, त्यामुळे तुम्हाला त्याची वजावट नाही. दर ठरवतानाच तो धरा.

कदंब: त्यापेक्षा एजन्सी बरी. एक फोन, माणूस हजर.

खातेवही: तिथेही तेच १८ टक्के, वर कमिशन. आणि आयसीयूचा हात असलेली सिस्टर मिळेल याची खात्री कोण देणार?

हिरवळ: पपईच्या पानांचा रस सुरू केलात का? प्लेटलेट्स वाढतात म्हणे.

ड्रिपस्टँड: प्रश्न सिस्टरांचा आहे हो.

ड्रिपस्टँड: निशाचर, पत्राआधी औषधांचं बघा. नॉरअ‍ॅड्रेनलिन (रक्तदाब वाढवणारं औषध) तुमच्याकडे ५० मिलीत ४ मिग्रॅ आणि त्यांच्याकडे ८ असेल, तर त्यांच्या सवयीचा रेट लावला की पेशंटला निम्माच डोस जातो. उलट असेल तर दुप्पट. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, त्याची ५ मिलीची व्हायल ५,००० युनिटची येते, २५,००० चीही येते. लेबल वाचल्याशिवाय ओढू देऊ नका. डेंग्यूत २४ ते ४८ तासांच्या क्रिटिकल फेजमध्ये (धोक्याच्या टप्प्यात) हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघून फ्लुइड सारखं कमीजास्त करावं लागतं. तुमची ऑर्डर तासाला मिलीत आणि त्यांची सवय मिनिटाला थेंबांची, तर घोळ ठरलेला. मिलीला २० थेंब पाडणाऱ्या सेटवर तासाला १०० मिली म्हणजे मिनिटाला साधारण ३३ थेंब. असा तक्ता प्रत्येक बेडला लावा. पहिली ड्यूटी तुमच्या सिस्टरबरोबर जोडीनं द्या, व्हेंटिलेटरचा पेशंट एकटीकडे नको.

निशाचर: जोडी कुठून आणू? त्या दिवसा तिकडे करून रात्री इकडे येणार आहेत.

खातेवही: हे आधी सांगायचं ना! मग हे देणं-घेणं नाहीच, डबल ड्यूटी आहे.

कदंब: सगळीकडे करतात. जास्तीचे पैसे द्या.

ड्रिपस्टँड: पैशानं झोप भरून निघत नाही. पहाटे चारला पंपावर चुकीचा आकडा पडतो तो अशानेच. निशाचर, चारऐवजी दोघीच मागा, पण तिकडच्या रोस्टरमधून पूर्ण मोकळ्या करून. पत्रात तारखा, तिकडची ड्यूटी बंद असल्याची ओळ, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि सुई टोचली तर खर्च कोणाचा, एवढं हवंच. हिपॅटायटिस बी चे तीन डोस झालेत का, तेही विचारा.

निशाचर: दोघींचं विचारलं, तिकडच्या मेट्रन (मुख्य सिस्टर) हो म्हणाल्या. तिकडे नॉरअ‍ॅड ८ चं आहे, आमच्याकडे ४.

ड्रिपस्टँड: मग सोमवारच्या आत सिरिंजवर लावायची लेबलं छापून घ्या.