आयमॅकचा पुढचा साचा कसा असेल? २७ इंचीवाल्यांनी थांबावं का?

पानजुळणी

पुस्तकांची आणि मासिकांची पानं लावण्याचं माझं काम आहे. मशीन २०१९ चा २७ इंची ५के (५१२० × २८८० पिक्सेल) आयमॅक, म्हणजे स्क्रीनमध्येच कॉम्प्युटर असलेला ॲपलचा डेस्कटॉप, आत इंटेलची चिप. मॅकओएस टाहो, ॲपलची २०२५ ची ऑपरेटिंग सिस्टिम, त्याच्यावर चढत नाही. इंटेल आयमॅकमधला फक्त २०२० चा त्यात बसतो आणि त्याच्यासाठीही टाहो हीच शेवटची आवृत्ती. आधीच्या सेकोया आवृत्तीचे सुरक्षा अपडेट चालू आहेत तोवर बदली मशीन ठरवायचं आहे.

समोर पर्याय २४ इंची आयमॅकचा. त्याचा साचा एप्रिल २०२१ चा. आत ॲपलची स्वतःची चिप, एम१ जाऊन एम३ आला, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये एम४. कॅमेरा सुधारला, रंगांच्या छटा बदलल्या, सांगाडा तोच. नवा साचा येईल तेव्हा तो कोणत्या दिशेने जाईल? खालची हनुवटी (स्क्रीनखालची रुंद पट्टी) जाईल का, स्क्रीन मोठी होईल का, ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देणारा पॅनेल) लागेल का? तारखेचा अंदाज नको. आतली मांडणी, उष्णता आणि पॅनेल यांचा हिशेब ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहावं, थांबायचं की नाही ते त्यावरच ठरेल.

वाफारा

वर्षं मोजून काही हाती लागत नाही. १९९८, २००२, २००४, २००७, २००९, २०१२, २०२१ ही साचा बदलल्याची वर्षं. कधी दोन वर्षांत बदल, तर कधी आठ-नऊ वर्षं ढिम्म. त्यापेक्षा दर वेळी आतून काय निघालं ते बघा. २००२ मध्ये पिक्चर ट्यूब गेली आणि एलसीडी दांड्यावर चढला. २००४ मध्ये खालचा अर्धगोल गेला, सगळा कॉम्प्युटर स्क्रीनच्या पाठीमागे आला. २०१२ मध्ये डीव्हीडी ड्राइव्ह निघाला आणि कडा ५ मिलिमीटरवर आली, पोट मात्र फुगीरच राहिलं. २०२१ मध्ये इंटेल आणि त्याचा अवजड कूलर गेला, पॉवर सप्लाय १४३ वॉटच्या बाहेरच्या ॲडॉप्टरमध्ये गेला आणि सगळी जाडी ११.५ मिलिमीटरवर आली. २००७ आणि २००९ चे बदल मुख्यतः ॲल्युमिनियमचे आणि स्क्रीनच्या आकाराचे, ते या हिशेबात नीट बसत नाहीत. बाकीचे चपखल बसतात.

मग आता काढण्यासारखं काय उरलं? माझ्या मते एकच मोठी गोष्ट, एलसीडीचा बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा दिवा. तो निघेपर्यंत जे काही येईल ते नवी चिप आणि नवे रंग एवढंच असेल.

हनुवटीबद्दल. ती शोभेची पट्टी नाही. मदरबोर्ड अख्खा तिच्यात आहे, शेजारी पंखे (वरच्या मॉडेलला दोन, सर्वांत स्वस्त मॉडेलला एकच), आणि हवेची ये-जा खालच्या कडेच्या छिद्रांतून. पॅनेलच्या मागे फारसं काही नाही, म्हणून तर ती बाजू इतकी पातळ. बोर्ड वर सरकवला की पॅनेल, बोर्ड आणि पंखा एकावर एक येतात आणि ती बेरीज ११.५ मध्ये मावत नाही. शिवाय चिपची उष्णता थेट पॅनेलच्या पाठीवर येते.

हनुवटीशिवाय भागतं हे ॲपलच्या २०२२ च्या स्टुडिओ डिस्प्ले या मॉनिटरवरून दिसतंच. २७ इंच, आत ए१३ चिप, पंखे, पॉवर सप्लायसुद्धा आतच. पण त्याला बाजूने बघा, २४ इंची आयमॅकपेक्षा बराच जाड आहे. म्हणजे प्रश्न सरळ आहे, हनुवटी घालवायला जाडी वाढवायची का? मी तरी आनंदाने वाढवेन. पातळपणासाठी या साच्याने काय काय सोडलंय ते बघा. हेडफोनची पिन साधारण १४ मिलिमीटर लांब, मागून घातली तर पुढून बाहेर येईल, म्हणून तिचं भोक डाव्या कडेला. लॅनचं सॉकेट त्याहून खोल, म्हणून ते ॲडॉप्टरमध्ये, आणि सर्वांत खालच्या मॉडेलला त्याचे पैसे वेगळे. टेबलावर पाच मिलिमीटर जास्त जाडी कुणाला खुपते?

तिसरी वाट २००२ ची, बोर्ड बैठकीत. एम४ मॅक मिनी (ॲपलचा स्क्रीनशिवायचा छोटा डेस्कटॉप) १२.७ सेंटिमीटर चौरस आणि ५ सेंटिमीटर उंच आहे, त्यातही पॉवर सप्लाय आत. एवढा ऐवज आयमॅकच्या पायात सहज मावेल, सगळे पोर्ट खाली येतील, उष्णता पॅनेलपासून दूर राहील. मला हीच मांडणी सगळ्यांत शहाणपणाची वाटते. पण मग स्क्रीन आणि मिनी वेगवेगळे का घेऊ नयेत, असं गिऱ्हाईक विचारणारच. त्यामुळे ॲपल तिकडे वळेल असं वाटत नाही.

पिक्सेलमोजणी

मोठ्या स्क्रीनचा मुद्दा पानाच्या मापाने बघा.

"२४ इंची" म्हणतात तो पॅनेल प्रत्यक्षात २३.५ इंचांचा, ४४८० × २५२० पिक्सेल. मिलिमीटरमध्ये साधारण ५२० × २९३. ए४ पानाची उंची २९७. म्हणजे मेन्यूबार लपवला तरी ए४ पान शंभर टक्के मापात या स्क्रीनवर उभं बसत नाही! २७ इंचीवर साधारण ५९८ × ३३६ मिळतात. ए४ ची जोडपानं ४२० × २९७. वर-खाली मिळून ३९ मिलिमीटर, बाजूला १७८ मिलिमीटर पॅलेटांसाठी, म्हणजे अवजारांच्या चौकटींसाठी. तुमची सवय या ३९ आणि १७८ वर बसली आहे, ती २४ इंचीवर मोडेल. फक्त डेमी आकाराची पुस्तकं असतील (१४० × २१६, जोडपानं २८० × २१६) तर २४ इंचीवर काही अडत नाही. मासिकांना अडेल.

घनतेचंही एक बंधन आहे. मॅकओएस दुप्पट स्केलवर (एका बिंदूला दोन बाय दोन पिक्सेल) सगळ्यांत स्वच्छ दिसतं, म्हणून ॲपल डेस्कटॉपला इंचाला सुमारे २१८ पिक्सेल धरून चालतं. २३.५ इंचाला ४.५के, २७ ला ५के, ३२ ला ६०१६ × ३३८४ म्हणजे ६के. मोठा आयमॅक आला तर तो २७ ला ५के किंवा ३२ ला ६के, मधलं काही होणं अवघड. ६के पॅनेलची किंमत मुळात चढी. २०१९ मध्ये आलेला ३२ इंची प्रो डिस्प्ले ४,९९९ डॉलरचा होता, तोही स्टँडशिवाय.

आणि २७ इंचीची वाट बघत असाल तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ॲपलने स्वतःच सांगितलंय की स्वतःच्या चिपचा २७ इंची आयमॅक काढायचा बेत नाही. मोठ्या आयमॅकच्या बातम्या ब्लूमबर्गच्या मार्क गुरमनसारख्यांकडून येत राहिल्या, पण त्यांतला आकार ३० इंचांच्या वरचा होता.

काळाकुट्ट

वाफारा यांचा बॅकलाइटचा मुद्दा बरोबर. २०२४ च्या १३ इंची आयपॅड प्रोने तो दाखवून दिला. एम४ चिप, ओएलईडी, जाडी ५.१ मिलिमीटर. पण तिथून थेट आयमॅकवर उडी मारू नका, मध्ये तीन अडचणी आहेत.

पहिली, घनता. २७ इंचांचे ४के ओएलईडी मॉनिटर २०२५ मध्ये बाजारात आले, त्यांची घनता इंचाला साधारण १६६. आयमॅकला २१८ हवी. पिक्सेल बारीक झाला की उजेड देणारं क्षेत्रफळ घटतं, तेवढाच प्रकाश काढायला त्याच्यावर जास्त करंट टाकावा लागतो आणि त्याचं आयुष्य घटतं. आयपॅडमध्ये यावर उपाय म्हणून प्रकाश देणारे दोन थर एकावर एक आहेत, दोघांत भार वाटला जातो. तेच २४ इंचांवर करायचं तर पॅनेलचा खर्च आयपॅडच्या कितीतरी पट.

दुसरी, पांढरं पान. काळ्या पार्श्वभूमीवर ओएलईडी अप्रतिम, पण पूर्ण पांढऱ्या स्क्रीनवर वीज आणि उष्णता आवरायला तो उजेड खाली आणतो. आताचा आयमॅक ५०० निट्स (उजेडाचं माप) पूर्ण स्क्रीनवर तासन् तास देतो. पानं लावणाऱ्याला हाच उजेड लागतो, व्हिडिओवाल्याला शिखराचा.

तिसरी, डाग. मेन्यूबार वर, डॉक खाली, पॅलेटं उजवीकडे, आठ-दहा तास एकाच जागी. ओएलईडीचे पिक्सेल असमान झिजतात आणि पॅलेटाची कड राखाडी पानावर कायमची दिसू लागते. पिक्सेल किंचित सरकवणं, स्थिर भाग मंद करणं असे उपाय आहेत, पण रंग जुळवणाऱ्याला तेच नकोसे. आयमॅक माणसं सात-आठ वर्षं वापरतात, त्यामुळे हा प्रश्न फोनपेक्षा इथे मोठा. येईल ओएलईडी, पण आधी लॅपटॉपमध्ये मुरेल आणि मग डेस्कटॉपवर येईल.

१२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन, त्याआधी येऊ शकतं. ५के, १० बिट, ६० हर्ट्झला आताच कच्चा डेटा सेकंदाला २६.५ गिगाबिट होतो, १२० ला ५३. आतल्या आत, कॉम्प्रेशन लावून ते जमतं.

पानजुळणी

ए४ चं माप डोळे उघडणारं आहे, धन्यवाद. मग २४ इंची बाद. मिनी आणि वेगळा ५के मॉनिटर असा विचार करते. माझ्या आयमॅकचा पॅनेल अजून निर्मळ आहे, कोपऱ्यात धुळीचा डागही नाही. तोच मॉनिटर म्हणून वापरता येईल का? केबल लावून होत नाही एवढं माहीत आहे.

पेचकस

नुसत्या केबलने होत नाही. टार्गेट डिस्प्ले मोड (आयमॅक दुसऱ्या कॉम्प्युटरचा मॉनिटर म्हणून वापरायची सोय) ५के आल्यावर, ऑक्टोबर २०१४ पासून, बंद झाला, कारण तेव्हाच्या थंडरबोल्ट २ मधून ५के एका वेळी जात नव्हतं. एअरप्लेने, म्हणजे बिनतारी, चित्र येतं पण वायफायवर उशीर आणि अक्षरं मऊ. आतला बोर्ड काढून त्या जागी डिस्प्लेचा ड्रायव्हर बोर्ड (बाहेरचं चित्र पॅनेलला पोचवणारा) बसवणं हा खरा मार्ग, आणि २७ इंची ५के साठी तो चांगला रुळलेला आहे.

तुमचा मॉडेल नंबर ए२११५ असेल. ड्रायव्हर बोर्ड मॉडेल नंबरवरून मागवू नका. पॅनेलच्या पाठीवर एलएम२७०क्यूक्यू१ आणि पुढे अक्षरं-आकडे असतात, तो पूर्ण नंबर विक्रेत्याला द्या. वर्षागणिक पॅनेल वेगळे आहेत. चुकीचा बोर्ड आला तर बॅकलाइट लागत नाही किंवा निम्मीच स्क्रीन येते. म्हणजे आधी उघडा, नंबर वाचा, मग ऑर्डर द्या. बोर्डला डिस्प्लेपोर्ट १.४ हवंच, १.२ मधून ५के ६० हर्ट्झला एका केबलने जात नाही.

उघडताना आधी पूर्ण बॅकअप घ्या. वीज काढून पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. आतला पॉवर सप्लाय उघड्या बोर्डाचा आहे, त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, डाव्या कडेला हात जपून. काच चिकटपट्टीवर बसवलेली असते. आयमॅक उघडायचं प्लॅस्टिकचं चाक डावीकडून, वर आणि उजवीकडे फिरवत पट्टी कापा. वर मध्यभागी कॅमेरा आहे, तिथे चाक खोल घालू नका. घरातलं ब्लेड किंवा सुरी अजिबात नको, पॅनेलची कड तडकते. वरची बाजू हळूच पुढे झुकवा आणि थांबा, आत दोन आखूड केबल आहेत. त्या सोडवल्याशिवाय ओढलं तर कनेक्टर बोर्डावरून उखडतो. खालची पट्टी शेवटी हाताने सोलायची.

मदरबोर्ड, पंखा, मूळ पॉवर सप्लाय सगळं काढून टाका. नवा बोर्ड त्याच्या स्वतःच्या बाहेरच्या ॲडॉप्टरवर चालवा, मूळ सप्लायवर जोडणी करू नका. काच चिकटवण्याआधी मास्किंग टेपने चार ठिकाणी धरून दोन दिवस वापरून बघा. एकदा पट्टी लागली की परत उघडताना नवी पट्टी आणि तोच धोका. आतली धूळ ब्लोअरने उडवा, ओलं फडकं नको.

काय मिळणार नाही तेही धरून चाला. कॅमेरा जातो, स्पीकरला वेगळा ॲम्प लागतो, कीबोर्डवरच्या उजेडाच्या कळा थेट चालत नाहीत. बोर्ड डीडीसी (केबलमधूनच मॉनिटरला सूचना देण्याची पद्धत) मानत असेल तर सॉफ्टवेअरने उजेड कमी-जास्त होतो.

पिक्सेलमोजणी

पॅनेल वाचला नाही तर पैसे वाचवायला २७ इंची ४के घेऊ नका, निदान मराठी मजकुरासाठी. "२५६० × १४४० सारखं" निवडलं की मॅक ५१२० × २८८० चं चित्र बनवून ३८४० × २१६० मध्ये आकसतो, आणि अनुस्वार, रफार, जोडाक्षरांतल्या बारीक रेषा किंचित पुसट होतात. ५के मध्ये असूसचा पीए२७जेसीव्ही किंवा सॅमसंगचा व्ह्यूफिनिटी एस९ बघा. स्टुडिओ डिस्प्ले घेतलात आणि नॅनो टेक्स्चरची (चकाकी कमी करणारी) काच निवडलीत तर ती सोबत आलेल्या कापडानेच पुसायची.

आणि मिनी घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. एम४ मिनीला जुनं चौकोनी यूएसबी नाही. फॉन्टचं यूएसबी लॉक (फॉन्ट चालण्यासाठी लावून ठेवायची किल्ली) असेल तर हब लागेल आणि त्या लॉकचा ड्रायव्हर नव्या मॅकओएसवर चालतो का ते कंपनीला आधी विचारा. दुसरं, इंटेलसाठी लिहिलेले जुने प्लगइन रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम ॲपलच्या चिपवर चालवणारी मॅकओएसमधली सोय) चालतात, पण ॲपलने ते पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंतच ठेवायचं जाहीर केलंय. पानं लावायच्या इनडिझाइनचे कोणते प्लगइन अजून इंटेलचे आहेत त्याची यादी आत्ताच करा. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये "काइंड" या रकान्यात ॲप इंटेलचं आहे की ॲपलचं ते लिहिलेलं असतं. इनडिझाइन रोझेटाखाली उघडल्याशिवाय एखादा प्लगइन चालतच नसेल तर तो इंटेलचा समजा.